मार्गदर्शित मौनसाधना : इग्नेशियन परंपरेतील मौन आणि मार्गदर्शकाची मर्यादा

प्रस्तावना

मौन हे साधनेचे अंग आहे, ही गोष्ट महाराष्ट्रातील वाचकास नवी नाही. मौनव्रत, एकांतवास, मौनी अमावास्या हे शब्द सर्वपरिचित आहेत. महात्मा गांधींचे सोमवारचे मौन विदर्भाने सेवाग्राम येथील त्यांच्या वास्तव्यात जवळून पाहिले. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रामुळे विपश्यनेतील ‘आर्य मौन’ ही संकल्पनाही मराठी समाजात रुजली. त्या मानाने कॅथलिक ख्रिस्ती परंपरेतील मार्गदर्शित मौनसाधना, म्हणजे ‘रिट्रीट’, मराठी अभ्यासकांस फारशी ज्ञात नाही. गोंदिया जिल्हा कॅथलिक चर्चच्या नागपूर महाधर्मप्रांतात येतो. परंतु येथील कॅथलिक समाज संख्येने लहान असल्याने त्याच्या अंतर्गत साधनेची ओळख इतरांना सहसा होत नाही.

या साधनेचा उगम, तिचा दिनक्रम आणि तीतील मार्गदर्शकाचे स्थान स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. येथे एक मूलभूत प्रश्न उद्भवतो. अनेक दिवस मौन पाळणारा साधक रोज केवळ एकाच व्यक्तीशी बोलतो आणि तिच्यासमोर आपले अंतःकरण उघडे करतो. अशा वेळी त्या व्यक्तीच्या अधिकारास मर्यादा कोणती? या प्रश्नाच्या उत्तरावरच साधनेची विश्वसनीयता अवलंबून आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

या साधनेचे प्रवर्तक संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) हे स्पेनच्या बास्क प्रदेशातील सरदार घराण्यातील होते. १५२१ मध्ये पाम्प्लोना येथील लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय जायबंदी झाला. अंथरुणास खिळून असताना त्यांनी ख्रिस्तचरित्र व संतचरित्रे वाचली. त्या काळात एक गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. शौर्याची व दरबारी वैभवाची स्वप्ने रंगविताना आनंद होई, पण नंतर मन कोरडे पडे. संतांच्या मार्गाने जाण्याच्या विचाराने होणारा आनंद मात्र नंतरही टिकून राही. मनातील भावांच्या या निरीक्षणातूनच पुढील सर्व पद्धती विकसित झाली. १५२२–२३ मध्ये मानरेसा येथील वास्तव्यात त्यांनी केलेल्या टिपणांतून ‘आध्यात्मिक साधना’ हा ग्रंथ आकारास आला. पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये त्यास मान्यता दिली.

हा ग्रंथ सलग वाचनासाठी नाही. व्यायामशाळेतील शिक्षकाची पुस्तिका असावी, तसे त्याचे स्वरूप आहे. तो प्रामुख्याने साधना देणाऱ्यासाठी लिहिला आहे. मूळ साधना सुमारे तीस दिवसांची असून तिचे चार ‘सप्ताह’ मानले जातात : आत्मपरीक्षण व पश्चात्ताप, ख्रिस्ताचे जीवनकार्य, त्याचे दुःखसहन आणि त्याचे पुनरुत्थान. इग्नेशियस यांनी स्थापन केलेल्या येशूसंघात प्रवेश करणाऱ्यास ही दीर्घ साधना करावी लागते. धर्मगुरू, धर्मभगिनी व प्रापंचिक यांच्यासाठी आठ दिवसांचे किंवा त्याहून अल्प रूप प्रचलित आहे. चर्चच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेने व्रतस्थांना वार्षिक एकांतसाधनेचा काळ पाळण्यास सांगितले आहे.

कालांतराने या साधनेस सामुदायिक प्रवचनांचे रूप आले. वक्त्याने दिवसातून अनेकदा बोलावे व श्रोत्यांनी मौन पाळून ऐकावे, अशी पद्धत रूढ झाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) मूळ ग्रंथाचा नव्याने अभ्यास झाला आणि एका साधकास एक मार्गदर्शक ही आद्य पद्धत पुन्हा प्रचारात आली. ‘मार्गदर्शित’ हे विशेषण या पद्धतीस लागू पडते.

दिनक्रम आणि प्रार्थनेचे स्वरूप

आठ दिवसांच्या साधनेत साधक दररोज साधारणतः चार किंवा पाच वेळा, प्रत्येक वेळी सुमारे एक तास, एकट्याने प्रार्थना करतो. दिवसातून एकदा मिस्साविधी आणि एकदा मार्गदर्शकाची भेट असते. भोजनही मौनातच होते. सहसाधकांशी बोलणे, दूरध्वनी, वृत्तपत्र, तसेच अलीकडच्या काळात मोबाईल, या सर्वांपासून दूर राहणे अपेक्षित असते.

बाह्य शिस्तीत ही साधना विपश्यना शिबिराशी जुळते. आंतरिक प्रक्रियेत मात्र दोहोंत स्पष्ट भेद आहे. विपश्यनेत श्वास व शारीरिक संवेदना यांचे तटस्थ निरीक्षण असते आणि कल्पनाचित्रांस स्थान नसते. इग्नेशियन साधनेत कल्पनाशक्ती हेच साधन आहे. साधक शुभवर्तमानातील एखादा प्रसंग घेतो. स्थळ डोळ्यांसमोर आणतो, पात्रांचे बोलणे ऐकतो, स्वतः त्या प्रसंगात उपस्थित असल्याची कल्पना करतो आणि अखेरीस, मित्र मित्राशी बोलतो त्याप्रमाणे, ख्रिस्ताशी संवाद करतो. तासानंतर तो काय घडले याचा आढावा घेतो. जेथे मन रमले किंवा अडखळले, त्या स्थळी पुढील प्रार्थनेत पुन्हा परततो. नव्या विषयांची रास करण्यापेक्षा थोड्याच विषयांचा अंतरंगातून आस्वाद घेणे येथे महत्त्वाचे मानले आहे.

मराठी वाचकास ही पद्धत सर्वस्वी परकी वाटू नये. सगुणभक्तीत लीलांचे स्मरण व रूपाचे ध्यान आहेच. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ मध्ये मुद्रित झालेल्या ‘ख्रिस्तपुराणा’ने ख्रिस्तचरित्रातील प्रसंग मराठी ओवीत आणले होते.

मार्गदर्शकाची मर्यादा

ग्रंथाच्या आरंभी वीस सूचना आहेत. त्यांतील कित्येक सूचना साधकापेक्षा मार्गदर्शकास नियंत्रित करतात, ही बाब विशेष लक्षणीय आहे. मार्गदर्शकाने चिंतनाचा विषय थोडक्यात सांगावा, कारण साधकास स्वतः सापडलेला अर्थ विस्तृत विवेचनापेक्षा अधिक तृप्ती देतो. साधकाची पापे व खासगी विचार जाणून घेण्याची इच्छा त्याने धरू नये. मनात उठणाऱ्या प्रेरणांची माहिती मात्र त्यास असावी. पापनिवेदनाचा संस्कार त्यामुळे या भेटीपासून वेगळा राहू शकतो. संन्यस्त जीवन किंवा अन्य कोणत्याही मार्गाकडे त्याने साधकास झुकवू नये. तराजूच्या काट्याप्रमाणे मध्ये स्थिर राहून ईश्वरास साधकाशी प्रत्यक्ष व्यवहार करू द्यावा. उत्साहाच्या भरात साधक एखादे व्रत घेऊ लागल्यास त्यास सावध करावे. साधना साधकाचे वय, शिक्षण व कुवत पाहून द्यावी.

याचा अर्थ, येथे मौन दुहेरी आहे. साधक जगाशी बोलत नाही आणि मार्गदर्शक ईश्वर व साधक यांच्या मध्ये बोलत नाही. यांपैकी दुसरे मौन अधिक कठीण असते. एकांतात साधकाचे मन हळवे होते; अशा वेळी दिलेला सल्ला आज्ञेसारखा भासू शकतो. मार्गदर्शकाने ही मर्यादा ओलांडल्यास विवेकाची जागा परावलंबन घेते. तीव्र मानसिक व्याधीच्या काळात तर अशा दीर्घ मौनापेक्षा वैद्यकीय उपचारांस प्राधान्य द्यावयास हवे.

विवेक आणि निर्णय

या साधनेचे एक प्रमुख फलित म्हणजे विवेक. अंतःकरणातील ‘सांत्वन’ व ‘विषाद’ या दोन अवस्था ओळखण्याचे नियम इग्नेशियस यांनी दिले आहेत. विषादाच्या काळात पूर्वी केलेला निश्चय बदलू नये, हा त्यांतील सर्वांत व्यवहार्य नियम होय. उदाहरणार्थ, दूरच्या गावी मिळालेली बढती स्वीकारावी की वृद्ध आईवडिलांजवळ राहावे, अशा द्विधा मनःस्थितीत साधकाने प्रथम दोन्ही पर्यायांविषयी समतोल वृत्ती धरावी. नंतर प्रत्येकाचे लाभ व दोष तपासावेत. याच स्थितीतील अपरिचित व्यक्तीस आपण काय सुचविले असते आणि मृत्यूसमयी आपणांस कोणता निर्णय घेतला असता तर बरे वाटले असते, याचाही विचार करावा. निर्णय अखेर साधकाचाच असतो.

महाराष्ट्रातील एक प्रयोग

मुंबईत जन्मलेले येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो (१९३१–१९८७) यांनी १९७० च्या दशकात पुण्यात ‘साधना’ संस्था उभी केली. पुढे तिचे कार्य लोणावळ्यास चालले. ‘साधना’ याच शीर्षकाच्या त्यांच्या १९७८ च्या ग्रंथात श्वासजागृती, देहसंवेदना व मौन यांतून ख्रिस्ती प्रार्थनेकडे नेणारे पाठ आहेत. इग्नेशियन कल्पनाचित्रण आणि पौर्वात्य सजगता त्यांनी एकत्र आणली. या मेळास मर्यादा असावी काय, हा वाद पुढे रोमपर्यंत पोहोचला. १९८९ मध्ये व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धान्तविषयक मंडळाने ख्रिस्ती ध्यानासंबंधी पत्र काढून पौर्वात्य पद्धतींच्या सावध वापराचा विचार मांडला. त्याच मंडळाने १९९८ च्या सूचनापत्रात डिमेलो यांचे आरंभीचे लेखन ख्रिस्ती अध्यात्माच्या चौकटीत असल्याचे मान्य केले. नंतरच्या लेखनातील काही विधाने मात्र कॅथलिक श्रद्धेशी विसंगत ठरविली. श्वासाकडे लक्ष देणे ही केवळ पूर्वतयारी की तीच प्रार्थना, हा या वादातील एक कळीचा प्रश्न होता आणि तो आजही विचारार्ह आहे.

समारोप

मार्गदर्शित मौनसाधना ही संसारापासून केलेली सुटका नव्हे. संसारात परतल्यावर घ्यावयाच्या निर्णयांची ती तयारी आहे. तिची धार्मिक अधिष्ठाने मान्य नसणाऱ्या अध्यापकासही तिच्यातील एक तत्त्व उपयुक्त ठरावे. समोरच्याच्या विधानाचा शक्य तितका चांगला अर्थ घ्यावा, तो लागत नसल्यास त्यालाच विचारावे, असे हा ग्रंथ साधनेच्या आरंभीच सांगतो. जो शिकवितो त्याने थोडके बोलावे आणि शिकणाऱ्यास स्वतः शोधण्याचा अवकाश द्यावा, ही अपेक्षा तर वर्गासही तितकीच लागू आहे. विद्यार्थी आपल्या भवितव्याविषयी विचारावयास येतो तेव्हा त्याच्या वतीने निर्णय देण्याचा मोह आवरणे, हेही एक मौनच होय.