जुनी मर्सिडीज स्वस्तात मिळते, पण सांभाळायची कशी? कोणतं काम स्वतः करायचं आणि कशाला हात लावायचा नाही



धंदा जरा स्थिरावला, हातात थोडे पैसे खेळायला लागले की एक प्रश्न हमखास येतो: "सर, नव्या हॅचबॅकच्या पैशात जुनी मर्सिडीज मिळतेय. घेऊ का?" आणि ज्यांनी आधीच घेतली आहे त्यांचा प्रश्न वेगळा असतो: "सर, गॅरेजची बिलं बघून घाम फुटतो. काही कामं घरीच करता येतील का?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, म्हणून आज थोडं सविस्तर बोलू. उदाहरणासाठी एकच गाडी घेऊ: मर्सिडीजची ई-क्लास, डब्ल्यू २११ पिढी. ही पिढी २००२ ते २००९ या काळातली. मर्सिडीजने १९९५ मध्ये पुण्यात गाड्यांची जोडणी सुरू केली, तीही ई-क्लासपासूनच. त्यामुळे आपल्याकडे ही गाडी नवखी नाही. वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात आजही दिसते.

आधी एक गणित समजून घ्या

गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, पण तिच्या पार्ट्सची किंमत तशी उतरत नाही. समजा, तुम्ही गाडी ४ लाखांना घेतली. आता तिचं सस्पेन्शन गेलं, तर दुकानदार तुम्हाला ४ लाखांच्या गाडीचा पार्ट देणार नाही. तो लक्झरी गाडीचाच पार्ट देणार आणि लक्झरी गाडीचाच भाव लावणार. म्हणजे आपण गाडी घेतो उतरलेल्या भावात आणि सांभाळतो मूळ भावात. हे ज्याला खरेदीच्या दिवशी कळलं, तो टिकतो.

माझा ठोकताळा सांगतो. गाडीच्या किमतीच्या निम्मी रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळ्या खात्यात ठेवायची. ४ लाखांची गाडी, तर २ लाख बाजूला. खर्च झाले नाहीत तर आनंदच आहे. पण हे पैसे कॅश क्रेडिटमधून किंवा माल भरायच्या पैशातून काढावे लागणार असतील, तर ती गाडी तुम्हाला आज परवडत नाही. विषय संपला.

आणखी एक. या पिढीतली सगळ्यात नवी गाडी २००९ ची, म्हणजे तिलाही १५ वर्षं होऊन गेली. १५ वर्षांनंतर आरटीओकडे तपासणी करून नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, ते पाच वर्षांसाठी मिळतं. महाराष्ट्रात वर हरित करही भरावा लागतो. गाडी घेताना ही कागदपत्रं आधी बघा, रंग नंतर बघा.

किलोमीटर बघू नका, वय बघा

"फक्त ६० हजार चाललीय, डॉक्टरांची गाडी आहे!" हे वाक्य ऐकून अनेक जण विरघळतात. पण रबर, प्लास्टिक आणि ऑइल हे किलोमीटरने जितके खराब होतात, तितकेच वयानेही होतात. उभी गाडीसुद्धा म्हातारी होते. कूलंटचे पाइप कडक होतात, बुश फाटतात, इंजिनच्या सीलमधून तेल पाझरायला लागतं. म्हणून जुन्या लक्झरी गाडीत अर्धं काम म्हणजे वेळेवर बघणं. आणि ते कोणीही स्वतः करू शकतं.

आता कामांचे तीन गट करू. वहीत लिहून घ्या.

गट पहिला: बिनधास्त स्वतः करा

१. बॅटरी तपासणं. २०० ते ५०० रुपयांचा साधा मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी व्होल्टेज मोजा. १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ च्या खाली असेल तर चार्ज करा. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं. हे का महत्त्वाचं? कारण या गाडीत डझनावारी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल आहेत. व्होल्टेज कमी पडलं की ती वेड्यासारखे इशारे देतात. डिस्प्लेवर तीन-चार एरर एकदम दिसल्या, तर गॅरेजला फोन करायच्या आधी बॅटरी मोजा. मुख्य बॅटरी डिकीत असते. बदलताना तिची गॅस बाहेर सोडणारी छोटी नळी परत जोडायला विसरू नका.

२. एअर फिल्टर आणि एसीचा केबिन फिल्टर. कुठलंही खास हत्यार लागत नाही. अर्ध्या तासाचं काम.

३. पाण्याच्या वाटा साफ करणं. आपल्या पावसात हे सगळ्यात महत्त्वाचं. वायपरच्या खाली, बोनेटच्या मागच्या कडेला पाणी वाहून जायच्या वाटा असतात. सनरूफच्या चारही कोपऱ्यांतही असतात. झाडाखाली गाडी लावली की पानांनी त्या तुंबतात. मग पाणी जातं कुठे? फ्यूजबॉक्सजवळच्या इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलकडे किंवा केबिनमधल्या कार्पेटखाली. मॉड्यूल एकदा गंजलं की हजारोंचा खर्च. पाला काढायला मात्र खर्च शून्य. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी हे काम करूनच टाका.

४. कूलंटची पातळी बघणं. इंजिन पूर्ण थंड असतानाच झाकण उघडा. गरम इंजिनमध्ये कूलंट दाबाखाली असतो, झाकण सैल करताच उसळून तोंडावर येतो. भर घालताना बोअरचं पाणी अजिबात नको. क्षार आतून जमतात. योग्य ग्रेडचा कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, निम्मं-निम्मं. आणि पातळी वारंवार कमी होत असेल तर नुसती भर घालत बसू नका. गळती शोधा.

५. इंजिन ऑइल बदलणं. या गाडीची एक सोय आहे. ऑइल फिल्टर वरच्या बाजूला आहे आणि जुनं ऑइल डिपस्टिकच्या नळीतून हातपंपाने ओढून काढता येतं. गाडीखाली जावं लागत नाही. फक्त दोन गोष्टी सांभाळा. एक, मॅन्युअलमध्ये दिलेल्या मंजुरी क्रमांकाचंच ऑइल घ्या. दोन, मापाकडे लक्ष द्या. साध्या हॅचबॅकला ३-४ लिटर पुरतं, सहा सिलिंडरच्या पेट्रोल ई-क्लासला साधारण ८ लिटर लागतं. काढलेलं ऑइल गटारात ओतू नका, कॅनमध्ये भरून ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

गट दुसरा: तपास तुम्ही करा, काम जाणकाराकडून करून घ्या

इथे खरे पैसे वाचतात. कारण मेकॅनिककडे "गाडी काहीतरी आवाज करतेय" म्हणून जाणारा गिऱ्हाईक आणि "पुढच्या डाव्या बाजूची एअर बॅग गळतेय" म्हणून जाणारा गिऱ्हाईक, या दोघांची बिलं वेगळी येतात.

एअर सस्पेन्शन: काही गाड्यांना हे असतं. रात्री सरळ उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसते. याचा अर्थ तिथे हवा गळतेय. साबणाचं पाणी फवारा, बुडबुडे दिसतील तिथे गळती. दुर्लक्ष केलं तर काय होतं? हवा भरून काढायला कंप्रेसर सारखा चालतो आणि शेवटी जळतो. म्हणजे एका पार्टचा खर्च दोन पार्ट्सवर जातो. आणि नुसता कंप्रेसर बदलून गळती तशीच ठेवली, तर नवा कंप्रेसरही त्याच वाटेने जाणार.

गिअरबॉक्स: पाच गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये एक ओळखीचं दुखणं आहे. वायरिंगचा गोल प्लग जिथे गिअरबॉक्सला जोडला जातो, तिथल्या सीलमधून तेल पाझरतं आणि वायरच्या आतून चढत कंट्रोल युनिटपर्यंत पोहोचतं. प्लग स्वस्त, कंट्रोल युनिट महाग. गाडी लिफ्टवर चढली की मेकॅनिकला तिथे टॉर्च मारायला सांगा. या गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर बदलायचं नाही असं सुरुवातीला सांगितलं जायचं, नंतर कंपनीनेच बदलायला सांगितलं. जुन्या मालकाने कधी बदललं याची नोंद नसेल, तर बदललेलं नाही असंच धरा.

ब्रेक ऑइल: हे हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंशांना उकळतं. ओलावा मुरल्यावर मानकाप्रमाणे ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. खंबाटकी किंवा कसारा घाट उतरताना ब्रेक तापले आणि ऑइल उकळलं, तर पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी बदला. तारीख लक्षात ठेवायचं काम तुमचं, ऑइल बदलायचं काम वर्कशॉपचं. असं का, ते आता बघू.

गट तिसरा: हात लावायचा नाही

इथे प्रश्न पैशांचा नाही, बोटांचा आणि जिवाचा आहे.

२००६ पर्यंतच्या डब्ल्यू २११ मध्ये एसबीसी नावाची ब्रेक यंत्रणा आहे. साध्या गाडीत पाय दाबला की ब्रेक लागतो. इथे पंप आधीच मोठा दाब साठवून ठेवतो आणि कॉम्प्युटर ब्रेक लावतो. गंमत अशी की गाडी अनलॉक केली किंवा दार उघडलं तरी ही यंत्रणा जागी होते आणि स्वतःची चाचणी घेताना पिस्टन दाबते. तुम्ही चाक काढून पॅड बदलत बसलाय आणि मुलाने सहज दार उघडलं, तर बोट चिरडू शकतं. म्हणून ती आधी डायग्नोस्टिक मशीनने निष्क्रिय करावी लागते. इतर गाड्यांवर पॅड बदलायचा अनुभव इथे कामाचा नाही. यूट्यूबवरचा व्हिडिओ बघून तर अजिबात नाही.

या यंत्रणेचं कंट्रोल युनिट ब्रेकच्या वापराची मोजणीही ठेवतं. ठराविक आकडा झाला की डिस्प्लेवर वर्कशॉपला जायचा इशारा येतो. काही जण तो आकडा फक्त शून्य करून देतात. पैसे वाचल्यासारखे वाटतात, पण जुना पंप तसाच राहतो. तो बंद पडला तर ब्रेक फक्त पुढच्या चाकांना लागतो, तोही पायाने पूर्ण जोर लावल्यावर. घरच्यांना घेऊन हायवेवर जाणार असाल तर हा सौदा करू नका. जमल्यास २००६ च्या मध्यानंतरची, साध्या हायड्रॉलिक ब्रेकची गाडीच शोधा.

याच गटात एअरबॅग आणि सीटबेल्टचं वायरिंग. तसंच, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाणं. जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. खाली भक्कम स्टँड लावल्याशिवाय डोकंही घालू नका. एअर सस्पेन्शनची गाडी तर हवा गेली की उभ्या जागी खाली बसते.

आणि एक खरेदीच्या वेळचा इशारा. सुरुवातीच्या वर्षांतल्या काही व्ही-६ पेट्रोल इंजिनांत, म्हणजे एम २७२ मालिकेत, बॅलन्स शाफ्टचा गिअर लवकर झिजतो. तो बदलायला इंजिन बाहेर काढावं लागतं. अशी गाडी घेताना स्कॅनिंग करून कॅमशाफ्ट टायमिंगचे कोड आहेत का ते बघा. असतील तर नमस्कार करा आणि पुढे चला.

पार्ट घेताना

मर्सिडीजच्या प्रत्येक पार्टवर नंबर असतो. चेसिस नंबर देऊन नेमका पार्ट नंबर काढा आणि तो घेऊनच दुकानात जा. बरेच पार्ट बॉश, मान, साक्स अशा कंपन्यांच्या स्वतःच्या डब्यातही मिळतात आणि बहुधा स्वस्त पडतात. फक्त अनोळखी डब्यातला माल ब्रेक आणि स्टेअरिंगसाठी घेऊ नका.

तुमच्या वेळेचाही भाव धरा

आपण धंदेवाले आहोत, म्हणून हा हिशोब झालाच पाहिजे. समजा, दुकानात तुमचा एक तास ५०० रुपयांचा आहे. ८०० रुपये मजुरी वाचवायला तुम्ही चार तास गाडीखाली घालवले, तर १२०० रुपये गमावले. मग स्वतः काम का करायचं? कारण बोनेट उघडून बघणाऱ्या मालकाला गळती थेंब असतानाच दिसते. न बघणाऱ्याला ती टोइंगची गाडी आल्यावर दिसते. मजुरी ही छोटी बचत, मोठं नुकसान टळणं ही खरी बचत.

हेच तुमच्या लेथला, पिठाच्या गिरणीला, डीप फ्रीजरला लागू आहे. बंद पडल्यावर दुरुस्त करणारा मालक दुप्पट भरतो. एकदा दुरुस्तीचे आणि एकदा बुडालेल्या धंद्याचे.

या रविवारी एवढंच करा

एक वही घ्या. पहिल्या पानावर चेसिस नंबर आणि आजचं किलोमीटर रीडिंग लिहा. मग बॅटरीचं व्होल्टेज, कूलंटची पातळी, ऑइलची पातळी, चारही टायरची हवा आणि बनवल्याची तारीख, पार्किंगच्या जागी जमिनीवर डाग आहे का, हे लिहा. शेवटी ब्रेक ऑइल आणि गिअर ऑइल शेवटचं कधी बदललं ते लिहा. माहीत नसेल तिथे प्रश्नचिन्ह टाका.

जितकी प्रश्नचिन्हं, तितकी तुमच्या पुढच्या सहा महिन्यांच्या कामांची यादी. यादी तयार झाली की मेकॅनिककडे जा, आणि ती वही सोबत न्या.