पाय बसवला, आता चालायला शिकायचे

भरतनाट्यमला आज दिसते ते रूप तंजावरच्या मराठी दरबारात मिळाले. दुसरे सरफोजी राजे १७९८ ते १८३२ गादीवर होते. त्यांच्या पदरी असलेल्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी या नृत्याच्या शिक्षणाला आणि सादरीकरणाला शिस्त लावली. अर्धे बसून, गुडघे बाहेरच्या अंगाला वळवून, तळवा जमिनीवर आपटत नाचायचे, म्हणजे सारा भार पायांवर.

१९८१ मध्ये तंजावरच्या शेजारच्या तिरुचिरापल्लीजवळ बसचा अपघात झाला. त्यात मुंबईच्या सुधा चंद्रन या किशोरवयीन भरतनाट्यम नर्तिकेच्या पायाला जखम झाली. जखमेत गँगरीन झाल्याने उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. १९८४ मध्ये त्या ‘जयपूर फूट’ हा कृत्रिम पाय लावून पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्यांच्या आयुष्यावरच्या ‘मयूरी’ या तेलुगू आणि ‘नाचे मयूरी’ या हिंदी चित्रपटात त्यांनीच भूमिका केली.

लोक याला चमत्कार म्हणतात, पण त्यामागे शिक्षण होते. पाय गमावलेल्या प्रत्येकाला ते टप्प्याटप्प्याने घ्यावे लागते. ते टप्पे रुग्णाला आणि घरच्यांना माहीत असले, तर वाट खूप सोपी होते.

गुडघा वाचला का?

पाय कुठून कापला, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. स्वतःचा गुडघा शाबूत असेल तर उठणे, बसणे, जिना चढणे लवकर जमते. सुधा यांना अर्ध्या बैठकीचे नृत्य शक्य झाले त्यातही गुडघा वाचल्याचा मोठा वाटा आहे. अपघातात गुडघ्याखाली पाय गेलेल्या, एरवी निरोगी माणसाला चालताना साधारण पाव पट जास्त शक्ती लागते. मांडीतून पाय गेला असेल तर हीच वाढ ६० ते ७० टक्क्यांच्या घरात जाते. म्हणून सुरुवातीला दम लागला, घाम आला, तर तो आळस किंवा अशक्तपणा समजू नये. शरीर खरोखरच जास्त काम करत असते.

पाय बसण्याआधीचे आठवडे

जखम भरायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, मधुमेह असेल तर त्याहून जास्त. हा काळ नुसता पडून घालवला तर पुढे फार जड जाते. उरलेल्या भागाला, म्हणजे स्टंपला, सूज असते. ती उतरावी आणि स्टंपला निमुळता आकार यावा म्हणून क्रेप बँडेज तिरके, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे बांधतात. टोकाशी घट्ट आणि वर जाताना सैल. उलट बांधले तर सूज टोकाशी साचते.

या काळात घरचे माणूस मायेपोटी गुडघ्याखाली उशी ठेवते. ती ठेवू नये. गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि आखडलेल्या सांध्यावर कृत्रिम पाय नीट बसत नाही. मांडीतून पाय कापलेल्यांनी दिवसातून दोन-तीनदा थोडा वेळ पालथे झोपावे, म्हणजे खुब्याचा सांधा सरळ राहतो. कुबड्या आणि वॉकर वापरायचे म्हणून दंड, खांदे आणि दुसरा पाय यांचे व्यायाम याच वेळी सुरू करतात.

नसलेला पाय दुखतो

पाय कापल्यावरही बोटे दुखतात, टाच खाजते, तळव्यात आग होते. अनेक जण वेडे ठरू या भीतीने हे कुणाला सांगत नाहीत. मेंदूत त्या पायाचा नकाशा अजून जिवंत असतो, त्यामुळे असे होते. चेन्नईत वैद्यकीय शिक्षण झालेले मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात यावर आरशाचा उपाय मांडला. शाबूत पाय आरशासमोर हलवायचा आणि प्रतिबिंबाकडे पाहायचे. गेलेला पाय हलतोय असे डोळ्यांना दिसते आणि काहींच्या वेदना उतरतात. औषधेही आहेत. डॉक्टरांना हे सांगायलाच हवे.

सॉकेट नीट बसले पाहिजे

स्टंप ज्या पोकळीत जातो ते सॉकेट. कृत्रिम पायाचा हा सर्वांत महत्त्वाचा भाग. प्लास्टरने स्टंपचा साचा घेऊन किंवा स्कॅन करून ते बनवतात. पहिल्या वर्षात स्टंप बारीक होत जातो, त्यामुळे सॉकेट सैल पडते. मग मोजे वाढवावे लागतात आणि पुढे सॉकेटच बदलावे लागते. सुरुवातीला पाय थोडाच वेळ घालायचा, मग काढून कातडी पाहायची. दाबाची लाली दहा-पंधरा मिनिटांत गेली तर ठीक. राहिली, फोड आला किंवा कातडी सोलली, तर पाय घालणे थांबवून केंद्र गाठायचे. रात्री स्टंप साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करायचा.

दांड्यांमधून रस्त्यावर

पहिले पाऊल समांतर दांड्यांमध्ये पडते. त्याही आधी नुसते उभे राहून एका पायावरून दुसऱ्या पायावर भार न्यायला शिकतात. हेच सर्वांत अवघड, कारण खाली जमीन लागल्याची जाणीव तळव्याकडून येत नाही. ती सॉकेटमधल्या दाबावरून ओळखायची असते. भार टाकायचा धीर आला की पाऊल, मग वळणे, मग दांडे सोडून काठी.

जिना चढताना चांगला पाय आधी टाकतात, उतरताना कृत्रिम पाय आधी. उतार, खडबडीत रस्ता, बसची पायरी यांचा वेगळा सराव लागतो. पडायचे कसे आणि पडल्यावर उठायचे कसे, हेही शिकवतात. पडायची भीती गेल्याखेरीज माणूस घराबाहेर पडत नाही.

दोन्ही पाय गेले असतील तर

दोन्ही पाय मांडीतून गेलेल्यांना काही ठिकाणी प्रथम गुडघा नसलेले, आखूड पाय देतात. उंची कमी असल्याने तोल राखणे सोपे जाते आणि पडले तरी इजा कमी होते. तोल आला की उंची टप्प्याटप्प्याने वाढवतात. लांबच्या अंतरासाठी यांना चाकांची खुर्ची लागतेच. ती वापरणे ही हार नाही, शक्ती राखण्याचा शहाणपणा आहे.

जयपूर फूट इथे का रुजला?

परदेशी पद्धतीच्या पायाला बूट लागे आणि त्याचा घोटा फारसा वाकत नसे. आपल्याकडे माणूस अनवाणी शेतात जातो, जेवायला मांडी घालतो, शौचाला उकिडवा बसतो. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. पी. के. सेठी यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस रबर आणि लाकूड वापरून सर्व बाजूंनी लवचीक, पाण्याचिखलात चालणारा, स्वस्त पाय घडवला. डॉ. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

उरलेला पाय सांभाळा

मधुमेहामुळे पाय गमावणाऱ्यांची संख्या मोठी आहे. एक पाय गेलेल्या मधुमेहीचा दुसरा पायही धोक्यात असतो. संवेदना गेलेल्या तळव्याला चटका कळत नाही. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरासारख्या दगडी प्रांगणात भर दुपारी अनवाणी फिरणे अशांना महागात पडू शकते. दर्शन सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर घ्यावे. रोज रात्री तळवे, बोटांमधल्या फटी पाहाव्यात. स्वतःला दिसत नसेल तर घरच्यांनी पाहावे.

कुठे जायचे, काय विचारायचे?

मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. पुण्यात सैनिकांसाठी १९४४ मध्ये सुरू झालेले कृत्रिम अवयव केंद्र आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेली जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती मोफत पाय बसवते. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना केंद्राच्या एडिप योजनेतून साहाय्य मिळते. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी हे दिव्यांगांचे ओळखपत्र काढून ठेवावे.

आणि एक विनंती. शिबिरात किंवा केंद्रात पाय मिळाला की तिथेच विचारा: चालायला कोण शिकवणार, किती दिवस, सॉकेट सैल झाले तर कुठे यायचे? या तीन प्रश्नांची उत्तरे घेतल्याशिवाय घरी जाऊ नका. शिक्षणाविना मिळालेला पाय माळ्यावर पडून राहतो. शिबिरे भरवणाऱ्या संस्थांनी आणि देणगीदारांनीही किती पाय वाटले याबरोबर सहा महिन्यांनी किती जण चालत आहेत, हा आकडा ठेवावा.