खंडकरी कोण आणि पडीत काय?

नगर जिल्ह्यातील हरेगाव, टिळकनगर, साकरवाडी, लक्ष्मीवाडी येथील उसाच्या मळ्यांचा विषय निघाला की, एरवी विचारी समजली जाणारी माणसेही ‘सरकारी जमीन फुकट मागणाऱ्यांचा हा तगादा’ असा शेरा मारून मोकळी होतात. या शेऱ्यामागे दरवेळी आकसच असतो असे नाही. पुष्कळदा महसुली दप्तरातील दोन शब्दांचा चुकीचा अर्थ तेथे ठाण मांडून बसलेला असतो.

त्यांतील पहिला शब्द ‘खंडकरी’. खंड म्हणजे जमिनीच्या उपभोगाबद्दल धन्याला द्यावयाची ठरीव रक्कम किंवा धान्य. त्यामुळे खंडकरी म्हणजे खंड भरणारे कूळ, असे कोणालाही वाटावे. नगर जिल्ह्यात मात्र वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. प्रवरा व गोदावरीच्या कालव्यांनी या कोरड्या मुलखात ऊस शक्य केला, तेव्हा खाजगी साखर कंपन्यांनी लहानमोठ्या शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या करारांनी खंडाने घेतल्या. म्हणजे येथे कूळ झाली ती कंपनी, आणि खंडकरी म्हणून ओळखला गेला तो जमिनीचा मूळ मालक. 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनी कसणारी कुळे मालक ठरली, तेव्हाही कंपन्यांना ती मालकी मिळाली नाही. कारण उसासाठी दिलेले पट्टे कूळकायद्याच्या त्या तरतुदींतून वगळलेले होते.

हक्क गेला तो पुढे, 1961 च्या कमाल जमीनधारणा कायद्याने. या कायद्याने मोठ्या जमीनदारांच्याच जमिनी गेल्या, असा दुसरा समज आहे. परंतु कायद्याच्या परिभाषेत ‘धारण करणे’ यात कूळ म्हणून धारण करणेही येत असल्याने कंपन्यांकडील खंडाच्या जमिनी अतिरिक्त ठरल्या, सरकारजमा झाल्या आणि 1963 साली स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे गेल्या. ज्याचे स्वतःचे क्षेत्र कमाल मर्यादेच्या आसपासही नव्हते, अशा शेतकऱ्याचे रान दुसऱ्याच्या अतिरेकाच्या हिशेबात बुडाले. दीर्घ लढ्यानंतर 2012 मध्ये खंडकऱ्यांना जमिनी परत मिळू लागल्या. या जमीनवापसीला खिरापत म्हणणे मला सर्वथा अन्यायाचे वाटते. ती उशिरा झालेली परतफेड होती.

दुसरा शब्द ‘आकारी पडीत’. पडीत म्हटले की डोळ्यांपुढे खडकाळ, निरुपयोगी माळ येतो. येथे पडला तो आकार, म्हणजे सरकारी धारा. तो थकला की जमीन सरकारजमा होई आणि तशी नोंद होई. जमिनीचा कस कसा होता, याविषयी ही नोंद काहीच सांगत नाही. हरेगाव परिसरातील नऊ गावांची आकारी पडीत म्हणून ओळखली जाणारी सात हजारांहून अधिक एकर जमीन 1918 च्या सुमारास इंग्रज सरकारने बेलापूर कंपनी या साखर कंपनीसाठी घेतली; ती तीस वर्षांच्या मुदतीने घेतली होती, असे वारसांचे म्हणणे आहे. खंडकऱ्यांना जमिनी मिळाल्या म्हणजे यांचाही प्रश्न मिटला, अशी जी सरसकट समजूत आढळते, ती निराधार होय. दोघांचे दस्तऐवज वेगळे, कायद्याचा आधार वेगळा, आणि म्हणून आकारी पडीतवाल्यांना न्यायालयाची पायरी स्वतंत्रपणे चढावी लागली.

असाच आणखी एक गैरसमज वनजमिनीविषयी आहे. ज्या भंडारदरा धरणाने प्रवरेकाठचे मळे पोसले, ते 1926 साली पुरे झालेले धरण अकोले तालुक्यात महादेव कोळी व ठाकर समाजाच्या मुलखात उभे आहे. पाणी खाली गेले. वर डोंगरात राहिलेल्यांना मात्र वनजमिनीवरील अतिक्रमणदार म्हणून हिणवले गेले. वास्तविक 2006 चा वनहक्क कायदा नवे अतिक्रमण मान्य करीतच नाही. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून ज्या वनजमिनीवर आदिवासींचा ताबा आहे, तिच्यावरील हक्क तो चार हेक्टरांच्या मर्यादेत नोंदवितो. हा हक्क वारसांकडे जातो, पण विकता येत नाही. एप्रिल 2023 मध्ये अकोल्याहून लोणीकडे शेतकऱ्यांचा पायी मोर्चा निघाला, त्याच्या मागण्यांत वनजमिनीचा प्रश्न होताच.

मळ्यांवर राबलेल्या कामगारांच्या घरांचा आणि जागेचा प्रश्न या सर्वांहून निराळा आहे, आणि मूळ मालकाचा हक्क मान्य केल्याने तो खोटा ठरत नाही.

आकारी पडीत जमिनींच्या वारसांपुढील आजची अडचण फार साधी आणि फार जाचक आहे. आपला पणजा त्या जमिनीचा कब्जेदार होता, हे जुन्या फेरफारांवरून सिद्ध करावयाचे, तर त्या काळचे गावदप्तर मोडीत लिहिलेले. आणि मोडी वाचणारी माणसे आता तालुक्याच्या गावीही शोधावी लागतात.