एकाच हजेरीपटावर

युगांडाच्या वायव्य टोकाला, दक्षिण सुदानच्या सरहद्दीजवळ युम्बे नावाचा जिल्हा आहे. राजधानीपासून लांब, पावसाच्या भरवशावर शेती करणारा आणि शिक्षणात आधीपासूनच मागे राहिलेला. ऑगस्ट २०१६ मध्ये इथल्या बिडीबिडी परिसरात दक्षिण सुदानमधल्या यादवीतून जीव वाचवून आलेल्यांसाठी वसाहत उघडली आणि त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत सुमारे २ लाख ७० हजार माणसे तिथे येऊन राहिली. त्यांत निम्म्याहून जास्त मुलेच होती. जमीन स्थानिक अरिंगा लोकांच्या वहिवाटीची. ती त्यांनी मोबदला न घेता दिली, आणि त्यामागे इतिहास आहे. १९७९ मध्ये इदी अमीनची राजवट कोसळल्यानंतरच्या सूडसत्रात हेच लोक सुदानात आणि त्या वेळच्या झाइरमध्ये निर्वासित म्हणून राहून आले होते. पण जमीन देताना त्यांच्या अपेक्षाही होत्या. रस्ते व्हावेत, दवाखाना यावा, शाळा निघाव्यात. त्या अपेक्षा रास्त होत्या. निर्वासित मुलांचे शिक्षण आणि त्यांना जागा देणाऱ्या गावातल्या मुलांचे शिक्षण हे दोन वेगळे प्रश्न आहेत, असे धरून जगभर वर्षानुवर्षे धोरणे आखली गेली. तसे केले की दोन्ही प्रश्न अर्धवट राहतात. ते एकच मानून सोडवले, तरच दोन्हीकडच्या मुलांच्या पदरात काही पडते, असे माझे म्हणणे आहे.

प्रश्नाचा आवाका आधी पाहू. २०२४ च्या अखेरीस युद्ध, हिंसा आणि छळ यांमुळे घर सोडावे लागलेल्यांची जगातली संख्या १२ कोटींच्या वर होती. त्यांपैकी देशाची हद्द ओलांडून गेलेल्यांतले जवळजवळ तीन चतुर्थांश लोक कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, बहुतेक अगदी शेजारच्याच देशात. म्हणजे ज्यांच्या शाळांत आधीच बाके आणि शिक्षक अपुरे, त्यांच्याच दारात ही मुले येऊन उभी राहतात. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या २०२४ च्या शिक्षण अहवालानुसार शाळेच्या वयाच्या १ कोटी ४८ लाख निर्वासित मुलांपैकी ७२ लाख शाळेबाहेर होती. प्राथमिक शाळेत ६५ टक्के, माध्यमिकला ४२ टक्के आणि उच्च शिक्षणात अवघे ७ टक्के, अशी ही उतरंड होती. २०३० पर्यंत उच्च शिक्षणातला वाटा १५ टक्क्यांवर न्यायचे उद्दिष्ट ठरले आहे. पण मधली माध्यमिकची पायरी निसरडी राहिली, तर वरचे उद्दिष्ट कागदावरच राहील. मुले गळतात ती नेमकी ज्या वयात हाताला काम आणि डोक्याला दिशा हवी असते, त्या वयात.

या गळतीचे मूळ काही अंशी कायद्यातच आहे. १९५१ च्या निर्वासितविषयक कराराचे २२ वे कलम प्राथमिक शिक्षणात निर्वासितांना देशाच्या नागरिकांसारखीच वागणूक द्यायला सांगते. त्यापुढच्या शिक्षणाबाबत मात्र ते सैल होते: जमेल तितकी चांगली वागणूक द्या, निदान इतर परदेशी लोकांपेक्षा वाईट नको, एवढ्यावर थांबते. परदेशी प्रमाणपत्रांची मान्यता, फीमाफी, शिष्यवृत्त्या हे सारे या सैल भागात मोडते. निर्वासितपण चार-दोन वर्षांत संपेल, या समजुतीवर असा कायदा चालूनही गेला असता. प्रत्यक्षात केनियातली काकुमा छावणी १९९२ पासून उभी आहे आणि तिथे जन्मलेल्या मुलांना आता स्वतःची मुले झाली आहेत. भारत आणि बांगलादेश यांनी तर या करारावर सहीच केलेली नाही. आपल्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने हा हक्क प्रत्येक बालकाला दिला, त्याला नागरिकत्वाची अट जोडली नाही, ही मोठीच गोष्ट आहे. पण तो हक्कही चौदाव्या वर्षी संपतो.

दोन वेगळ्या वाटा केल्या की काय होते, याचे ठळक उदाहरण बांगलादेशातल्या कॉक्स बझारचे आहे. ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या तिथे आले. इतक्या माणसांना आसरा देणे हे त्या देशाचे मोठेपणच आहे. पण ही माणसे लवकर परत जातील असे धरून सरकारने त्यांच्या मुलांना बांगलादेशी शाळा, बांगला भाषा आणि तिथला अभ्यासक्रम यांपासून दूर ठेवले. बांबू आणि ताडपत्रीच्या खोल्यांत अनौपचारिक शिक्षण केंद्रे निघाली. म्यानमारचा अभ्यासक्रम शिकवायला जानेवारी २०२० मध्ये परवानगी मिळाली आणि तो सुरू व्हायला २०२१ साल संपत आले. इतके शिकूनही मुलाच्या हाती येणाऱ्या कागदाला ना बांगलादेशात मान्यता, ना म्यानमारमध्ये. जून २०२५ मध्ये परदेशी निधी आटला, तेव्हा युनिसेफला या केंद्रांतल्या १,१७९ स्थानिक बांगलादेशी शिक्षकांचे करार संपवावे लागले. शिक्षक रस्त्यावर उतरले, केंद्रे बंद पडली. वेगळी व्यवस्था मदतीच्या एकाच धाग्यावर लोंबत होती. तो तुटला तेव्हा निर्वासित मुलाची शाळा गेली आणि स्थानिक तरुणाची नोकरीही गेली. दोघांचे नशीब एकमेकांना बांधलेलेच होते, फक्त ते धोरणात कुठे मांडलेले नव्हते.

युगांडाने दुसरी वाट धरली. २००६ च्या निर्वासित कायद्याने तिथे निर्वासितांना काम करण्याचा आणि देशात फिरण्याचा हक्क मिळाला आणि प्राथमिक शिक्षणात नागरिकांची बरोबरी मिळाली. निर्वासितांसाठी येणाऱ्या मदतीतला ३० टक्के वाटा आसपासच्या स्थानिक लोकांच्या सोयींसाठी वापरावा, असे सूत्र ठरले. सप्टेंबर २०१८ मध्ये शिक्षण मंत्रालयाने जो आराखडा जाहीर केला, त्याच्या नावातच निर्वासित आणि स्थानिक समाज हे दोन्ही होते. वसाहतीतल्या शाळेत युगांडाचाच अभ्यासक्रम चालतो आणि सातवीच्या अखेरीस दोघेही एकाच राष्ट्रीय परीक्षेला बसतात. वर्गात काय बदलते, तेही पाहण्यासारखे आहे. शिक्षक शिकवत असतो आणि त्याच्याबरोबर निर्वासितांमधूनच निवडलेला साहाय्यक मुलांना तेच त्यांच्या भाषेत समजावत असतो. ज्यांची वर्षे पळापळीत वाया गेली, अशा दहा ते अठरा वयाच्या मुलांसाठी सात इयत्तांचा अभ्यास तीन वर्षांत बसवला आहे: पहिल्या वर्षी पहिली ते तिसरी, दुसऱ्या वर्षी चौथी-पाचवी, तिसऱ्या वर्षी सहावी-सातवी. या वर्गांत शाळा सुटलेली स्थानिक मुलेही बसतात. ज्या मुलीची शाळा गरिबीमुळे चौथीत थांबली, तिला पुन्हा पाटी हातात घ्यायची संधी निर्वासितांसाठी निघालेल्या वर्गाने दिली.

हे नुसते सदिच्छेचे बोलणे नाही. यांग-यांग झोऊ, गाय ग्रॉसमन आणि शुनिंग गे या अभ्यासकांनी युगांडाची आकडेवारी तपासून २०२३ मध्ये ‘वर्ल्ड डेव्हलपमेंट’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. निर्वासितांची वस्ती ज्या भागांत जास्त, तिथल्या स्थानिक लोकांना शाळा, दवाखाने आणि रस्ते अधिक जवळ आले, आणि निर्वासितांविरुद्ध जनमत बिथरल्याचे त्यांना आढळले नाही. जॉर्डनमध्ये सीरियन मुलांचा लोंढा आल्यानंतर स्थानिक विद्यार्थ्यांचे शिक्षण घसरले का, हेही अर्थशास्त्रज्ञांनी तपासले. तसे झाल्याचा पुरावा मिळाला नाही. तिथे सरकारने शाळांत दुपारची पाळी सुरू केली आणि खर्चाला बाहेरची मदत मिळाली, हे विसरून चालणार नाही. मुले वाढली आणि जागा, शिक्षक, पैसा वाढला नाही, तर हा निष्कर्ष टिकणार नाही.

म्हणूनच युगांडाचे गोडवे गाऊन थांबता येत नाही. तिथे आज अठरा लाखांहून अधिक निर्वासित आहेत, आफ्रिकेतल्या कोणत्याही देशापेक्षा जास्त. वर्ग खचाखच भरलेले असतात. वसाहतींमधल्या अनेक शाळा अजून स्वयंसेवी संस्थांच्या निधीवर चालतात. सरकारने त्यांना मान्यता देऊन अनुदानावर घेतल्याशिवाय तिथल्या शिक्षकांना सरकारी पगार मिळत नाही, ते वर्षावर्षाच्या कंत्राटावर राबतात. विनाअनुदानित शाळांचे हाल ज्यांनी आपल्याकडे पाहिले आहेत, त्यांना यातली वेदना वेगळी सांगायला नको. दक्षिण सुदानमध्ये शिक्षक असलेल्या माणसाची पात्रता युगांडात मान्य होत नाही आणि तो साहाय्यकच राहतो. माध्यमिक शाळा कमी आहेत, लांब आहेत आणि त्यांचा खर्च बहुतेक घरांना झेपत नाही. त्यातच २०२५ मध्ये निधी नसल्याने जागतिक अन्न कार्यक्रमाला सुमारे दहा लाख निर्वासितांची अन्नमदत थांबवावी लागली. उपाशी पोटी मूल वर्गात किती टिकणार? एकत्र शिक्षणाचे तत्त्व बरोबर आहे, पण त्याची किंमत मोजायला जग कमी पडते आहे.

पहिला आक्षेप सगळीकडे एकच असतो: आमच्याच मुलांना धड शाळा नाही, आधी त्यांचे बघा. तो स्वार्थी म्हणून उडवून लावणे चूक आहे. काकुमाच्या आजूबाजूला तुर्काना हा पशुपालक समाज राहतो आणि केनियातल्या सर्वांत गरीब समाजांत त्याची गणना होते. छावणीत पाणी, दवाखाना, शाळा आल्या आणि कुंपणाबाहेरचा तुर्काना मुलगा बघत राहिला, ही तक्रार खरी होती. याच अनुभवातून २०१६ मध्ये जवळच कालोबेये ही वसाहत निर्वासित आणि स्थानिक दोघांसाठी म्हणून आखली गेली. जागतिक बँकेनेही २०१७ मध्ये निर्वासित आणि स्थानिक समाज या दोघांसाठी मिळून दोन अब्ज डॉलरांची वेगळी तरतूद केली. आधी आमची मुले, या मागणीचे खरे उत्तर निर्वासितांची शाळा बंद करणे हे नाही, ती शाळा दोघांची करणे हे आहे. शिवाय बाहेरचा पैसा दुर्गम जिल्ह्याकडे सहसा वळत नाही. निर्वासितांच्या निमित्ताने तो आलाच, तर त्यातून पक्की, कायमची शाळा उभी करून घेण्यात स्थानिकांचेच हित आहे.

दुसरा आक्षेप असा की शिकवले की ही माणसे इथेच रुजतील, परत जाणार नाहीत. सीरियाचा अनुभव याच्या उलट आहे. तुर्कस्तानने २०१६ नंतर सीरियन मुलांची वेगळी केंद्रे टप्प्याटप्प्याने बंद करून त्यांना सरकारी शाळांत घेतले. पण डिसेंबर २०२४ मध्ये असाद राजवट पडली आणि त्यानंतर वर्षभराच्या आत वेगवेगळ्या देशांतून दहा लाखांहून अधिक सीरियन मायदेशी परतले. माणसे परततात ती मायदेशी जगता येईल असे वाटते तेव्हा. शाळा त्यांना अडवत नाही. तुर्की भाषेत शिकलेल्या मुलांना परतल्यावर अरबी लिहिण्या-वाचण्यात अडचण येते, हे मात्र खरे आहे. त्यासाठी राष्ट्रीय शाळेतच मातृभाषेचा तास ठेवता येतो. त्याकरिता वेगळी शाळा कशाला? आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. परत जायचेच आहे म्हणून त्यांची मुले पोलिश शाळांत पोलिश अभ्यासक्रम शिकली. युद्धानंतर पोलंड सोव्हिएत वर्चस्वाखाली गेला आणि त्यांतल्या बहुतेकांना ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशी नवी घरे शोधावी लागली. मूल उद्या कुठे असेल हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून त्याच्या हातात कुठेही चालेल असा दाखला हवा.

आश्रय घेणारे केवळ घेतात, ही समजूतही तपासून पाहावी. फाळणीनंतर सिंधमधून मुंबईत आलेल्या प्राध्यापकांनी राहायच्या जागेची भ्रांत असताना महाविद्यालये काढली. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजमधल्या अध्यापकांनी १९४८ मध्ये जय हिंद कॉलेज सुरू केले. सिंधमधल्या हैदराबादचे नॅशनल कॉलेज प्राचार्य कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवानी यांच्या खटपटीने १९४९ मध्ये वांद्र्यात पुन्हा उभे राहिले. गेली पंचाहत्तर वर्षे या संस्थांत मराठी, गुजराती, उर्दू, तमिळ बोलणारी मुले शिकत आली आहेत. ती माणसे नागरिक म्हणून आली, त्यांच्या पदव्यांना मान्यता होती, काम करायला आडकाठी नव्हती, हा फरक महत्त्वाचा आहे. पण त्या फरकातच धडा आहे. पात्रता मान्य झाली आणि काम करू दिले, तर निर्वासित शिक्षक आश्रय देणाऱ्या समाजाच्या मुलांनाही शिकवतो.

उरतो पैशाचा प्रश्न. जागतिक बँक आणि निर्वासित उच्चायुक्तालय यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या सर्व निर्वासित मुलांना बालवाडीपासून बारावीपर्यंत शिकवायला वर्षाला सुमारे ४.८५ अब्ज डॉलर लागतात. जगाच्या हिशेबात ही रक्कम मोठी नाही. पण तिचा भार सारखा वाटला गेलेला नाही. ज्यांची तिजोरी सर्वांत लहान त्यांच्यावरच तो अधिक पडतो, म्हणून इतरांनी तो उचलणे हा न्याय आहे, उपकार नव्हे. तो उचलायची रीत मात्र बदलायला हवी. वर्षावर्षाची आणीबाणीची मदत वेगळ्या केंद्रांवर उधळण्याऐवजी आठ-दहा वर्षांची हमी देऊन तोच पैसा राष्ट्रीय शिक्षण खात्याकडे जावा. एकच हजेरीपट, एकच परीक्षा, एकच दाखला असावा. नवी माध्यमिक शाळा वसाहत आणि गाव या दोन्हींना चालत जाता येईल अशा जागी निघावी. शिकून झाल्यावर काम करायची परवानगी मिळावी, नाहीतर शिकलेला तरुण रिकाम्या हाताने बसून राहील. २०१७ च्या जिबूती जाहीरनाम्यात पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी निर्वासित मुलांना राष्ट्रीय शिक्षणव्यवस्थेत सामावून घेण्याचे मान्य केले आहे, म्हणजे त्यांच्या बाजूने शब्द दिला गेला आहे. आता मदत देणाऱ्या देशांकडे आकडा मागायचा तो बांधलेल्या वर्गखोल्यांचा नव्हे. दहा वर्षांनी त्या खोल्यांत शिकवणाऱ्या शिक्षकाचा पगार कोणाच्या अंदाजपत्रकातून निघणार आहे, हे त्यांनी आजच लिहून द्यावे.