क्रेडिट कार्डच्या पॉइंटवर रेल्वेचं तिकीट खरंच फुकट मिळतं का?

'खर्च करा आणि फुकट फिरा' अशा रील्स सध्या इन्स्टाग्रामवर धुमाकूळ घालतायत. त्यात विमानं आणि फाइव्ह स्टार हॉटेलं दिसतात. पण इचलकरंजीला लागून असलेल्या कबनूरमधलं कुटुंब मुंबईला महालक्ष्मी एक्स्प्रेसनं आणि तिरुपतीला हरिप्रिया एक्स्प्रेसनं जातं. त्यांना या पॉइंटचा उपयोग आहे का? आहे, पण एका अटीवर.

पॉइंट मिळतात कसे?

आयआरसीटीसी आणि एसबीआय कार्ड यांनी 2020 मध्ये आणलेलं रुपे कार्ड बघू. साध्या खरेदीवर दर 125 रुपयांना 1 पॉइंट मिळतो आणि 1 पॉइंट म्हणजे 1 रुपया. म्हणजे 10 हजारांच्या खरेदीवर 80 रुपये. आयआरसीटीसीवरून एसीचं तिकीट काढलं तर मात्र 10 टक्क्यांपर्यंत पॉइंट मिळतात. 4 हजारांच्या तिकिटांवर 400 रुपयांपर्यंत फायदा.

थोडक्यात, खरी कमाई किराण्यावर होत नाही, तिकिटावर होते. पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये टाकलेले पैसे यावर बऱ्याच कार्डांवर पॉइंट मिळतच नाहीत.

वापरायचे कसे?

कार्डासोबत मिळालेला लॉयल्टी क्रमांक आयआरसीटीसीच्या खात्याला जोडायचा. मग पॉइंट वापरून तिकीट काढता येतं. पॉइंटना मुदत असते, त्यामुळे वर्षानुवर्षं साठवून ठेवू नका.

विमान कंपन्यांच्या कार्डांचा हिशोब वेगळा. उजळाईवाडी विमानतळावरून जी कंपनी उडत नाही, तिचे पॉइंट साठवून कबनूरकरांना फारसा फायदा नाही.

मग गोम कुठे आहे?

बिलात. बिलावर 'मिनिमम ड्यू' नावाची छोटी रक्कम छापलेली असते. तेवढीच भरली तर दंड टळतो, व्याज टळत नाही. हे व्याज अनेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. ते खरेदीच्या तारखेपासून लागतं, आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते.

10 हजार थकले तर महिन्याचं व्याज 350 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 63 रुपये. एकूण 413. साध्या खरेदीतून एवढे पॉइंट मिळवायला सुमारे 52 हजार खर्च करावे लागतात! त्यात वार्षिक फी धरलेलीच नाही.

म्हणून अट एकच: दर महिन्याला पूर्ण बिल भरता येत असेल तरच पॉइंटच्या मागे लागा. यंत्रमागाची मजुरी किंवा सुताचं पेमेंट पुढेमागे होत असेल, तर हे कार्ड महागात पडू शकतं.

हा मेसेज आला तर सावध

'तुमचे रिवॉर्ड पॉइंट आज संपणार' असं सांगून लिंक किंवा एपीके फाइल पाठवली जाते. ती उघडू नका, ओटीपी देऊ नका. पॉइंट फक्त बँकेच्या अधिकृत अ‍ॅपमध्येच तपासा. फसवणूक झालीच तर लगेच 1930 वर फोन करा.