थंड पाण्याचे अर्थशास्त्र

काटकसरीचा उपदेश बहुधा डोळ्यांना दिसणाऱ्या उधळपट्टीपुरता मर्यादित राहतो. रिकाम्या खोलीत जळणारा दिवा दिसतो, गरगरणारा पंखा ऐकू येतो; म्हणून घरातील वडीलधारी मंडळी दिव्यापंख्यावरून मुलांना बोलतात. पाण्यात मुरलेली उष्णता मात्र कोणाच्या नजरेस पडत नाही. समोरून दार उघडणारे स्वयंचलित वॉशिंग मशीन आता शहरी मध्यमवर्गाच्या घरात स्थिरावले आहे. त्याच्या पोटात पाणी तापवणारी विजेची कांडी असते आणि गरम धुलाईत खर्च होणाऱ्या विजेचा मोठा वाटा कपडे घुसळण्यात नव्हे, तर पाणी तापवण्यात जातो, हे ते वापरणाऱ्या अनेकांच्या ध्यानीही नसते.

हिशेब शालेय पुस्तकातला आहे. १ लिटर पाणी १ अंश सेल्सिअसने तापवण्यास १ किलोकॅलरी उष्णता लागते आणि विजेच्या १ युनिटातून ८६० किलोकॅलरी उष्णता मिळते. मुख्य धुलाईसाठी १५ लिटर पाणी लागते आणि नळाचे पाणी २५ अंशांचे आहे असे धरले, तर ते ६० अंशांवर नेण्यास ०.६१ युनिट, ४० अंशांवर नेण्यास ०.२६ युनिट आणि ३० अंशांवर नेण्यास जेमतेम ०.०९ युनिट वीज लागेल. मोटरीची गरज ढोबळमानाने एक-दोन दशांश युनिटाची. म्हणजे ६० अंशांची खूण निवडणारे कुटुंब कपडे धुण्यासाठी जेवढी वीज वापरते, तिच्या कित्येक पट वीज पाणी तापवून गटारात सोडण्यासाठी वापरते, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

युरोपचा धडा

हा प्रश्न मुळात थंड हवेच्या देशांचा. साबण हे चरबी आणि खार यांच्या संयोगातून झालेले द्रव्य. थंड व जड पाण्यात ते नीट विरघळत नाही, उलट त्याचा पांढरा साका कापडावर बसतो. त्यामुळे युरोपात कपडे उकळणे हाच स्वच्छतेचा मानदंड ठरला. जर्मनीत तर उकळत्या धुलाईसाठी स्वतंत्र शब्द रूढ झाला आणि यंत्रे आल्यावर ९५ अंशांची खूण त्यांच्या तबकडीवर जाऊन बसली. पुढे कृत्रिम डिटर्जंट आले. प्रथिनांचे डाग फोडणारे एन्झाइम धुलाईत वापरण्याची कल्पना जर्मन रसायनतज्ज्ञ ओटो र्‍योम यांनी १९१३ मध्येच मांडली होती. १९६० नंतर जिवाणूंपासून मिळवलेली अशी द्रव्ये धुण्याच्या पावडरीत सर्रास पडू लागली. उकळण्याचे कारण अशा रीतीने बरेचसे संपले, परंतु उकळण्याची सवय संपली नाही. अखेर युरोपीय संघाला कायद्याचा आधार घ्यावा लागला. १ डिसेंबर २०१३ पासून घरगुती वॉशिंग मशीनवर २० अंशांच्या धुलाईची सोय असलीच पाहिजे, असा दंडक घालण्यात आला. रसायनशास्त्र पुढे गेले तरी सवय किती काळ मागे रेंगाळते, याचे हे बोलके उदाहरण होय.

महाराष्ट्राचा प्रवास याच्या नेमका उलट आहे. इथे न्हाणीघरातील बंब पेटे तो अंघोळीसाठी. धुणे मात्र नदीवर, विहिरीवर किंवा मोरीतल्या दगडावर थंड पाण्यातच होई. उकळण्याचा मान परिटाच्या भट्टीला, आजाऱ्याच्या अंथरुणाला आणि बाळंतिणीच्या कपड्यांना. १९५९ मध्ये भारतात सर्फ आली आणि १९६९ मध्ये अहमदाबादेत निरमा निघाली. या पावडरी घराघरांत रुजल्या त्या बादलीतल्या गार पाण्यातच. वरून कपडे टाकायच्या साध्या यंत्रांतही पाणी तापवण्याची सोय बहुधा नसते. तेव्हा जी काटकसर युरोप कायद्याने शिकू पाहत आहे, ती या देशात परंपरेनेच चालत आली, असे अभिमानाने सांगण्याचा मोह कोणासही व्हावा.

चार वाटेकरी

हा मोह आवरला पाहिजे. धुलाई तंत्राचे जर्मन अभ्यासक हर्बर्ट सिनर यांनी १९६० च्या सुमारास एक साधे सूत्र मांडले. स्वच्छतेचे काम चार वाटेकरी मिळून करतात: उष्णता, रसायन, घर्षण आणि वेळ. यांपैकी एकाचा वाटा कमी केला की उरलेल्या तिघांपैकी कोणाला तरी तो उचलावा लागतो. या सूत्राच्या प्रकाशात पाहिले, तर थंड पाण्याच्या देशी परंपरेचा खर्च कोणी भरला हे स्पष्ट दिसते. तो बाईच्या दंडाने भरला. उष्णतेची उणीव आपटून, धोपटून, घासून आणि पिळून भरून काढली गेली. पावसाळ्यात भिजलेली जड लुगडी, शेतकऱ्याच्या चिखलाने माखलेल्या पैरणी, पोराबाळांची दुपटी यांची उष्णता म्हणजे त्या बाईचे श्रम. विजेला मीटर असतो. तिच्या दंडाला तो नव्हता, म्हणून राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याही कोष्टकात त्या ऊर्जेची नोंद झाली नाही.

म्हणूनच ‘पूर्वी कुठे होती मशीन?’ हा काटकसरीच्या नावाखाली विचारला जाणारा प्रश्न अन्यायाचा आहे. यंत्राने हे श्रम हलके केले ही मोठीच सामाजिक मिळकत आहे आणि वीजबचतीपायी ती गमावणे कोणत्याही अर्थाने बचत ठरणार नाही. पाणी थंड ठेवल्यामुळे शर्टाची कॉलर मळकी राहिली आणि तो शर्ट घासण्यासाठी पुन्हा मोरीतल्या दगडावर आला, तर विजेचे बिल उतरेल खरे. परंतु तो बोजा गृहिणीच्या किंवा धुण्याभांड्यासाठी येणाऱ्या बाईच्या अंगावर चढेल. या बाईच्या पगारात त्या जादा कामापोटी चार रुपयांचीही भर पडणार नाही. उष्णतेचा वाटा रसायनाने आणि वेळेने उचलावा, घर्षणाचा जादा भार यंत्राने सोसावा, दंडाने नव्हे, हीच थंड धुलाईची अट असली पाहिजे.

ही अट आज पुरी होण्याजोगी आहे. एन्झाइमयुक्त पावडर, धुण्याआधी अर्धा-पाऊण तास कपडे भिजवण्याची सोय आणि थोडा लांब कार्यक्रम एवढ्यावर रोजच्या वापरातले, घामाने नि धुळीने मळलेले कपडे ३० अंशांत किंवा नळाच्या पाण्यात स्वच्छ निघतात. अपवाद अर्थातच आहेत. संसर्ग झालेल्या रुग्णाची पांघरुणे, विष्ठेने वा ओकारीने भरलेली वस्त्रे, स्वयंपाकघरातील तेलकट फडकी यांना ६० अंशांचे पाणी द्यावे. तिथे विजेकडे पाहू नये. वाळवण्यासाठी ऊन उपलब्ध असणे ही तर या देशाची फुकटची संपत्तीच आहे.

किंमत बोलत नाही, तेव्हा

मग लोक आपण होऊन तपमान का उतरवत नाहीत? याचे उत्तर सीमान्त लाभाच्या अल्पपणात आहे. वर्षाला २०० वेळा मशीन लावणाऱ्या कुटुंबाने ६० अंशांवरून ३० अंशांवर यायचे ठरवले, तर सुमारे १०५ युनिटे वाचतील. युनिटचा दर ८ रुपये धरला, तर महिन्याला ७० रुपये. ४० अंशांवरून उतरणाऱ्याचे महिन्याला २५ रुपयेही वाचणार नाहीत. एवढ्यासाठी कोण माहितीपुस्तिका चाळील? परंतु अशी ६० अंशांची सवय असलेली १ लाख कुटुंबे एकत्र धरली, तर बचत १ कोटी युनिटांवर जाते. १ युनिट औष्णिक विजेमागे सुमारे दोन-तृतीयांश किलो कोळसा जळतो असे मानल्यास हा आकडा ७ हजार टन कोळशाचा होतो. त्या कोळशाची राख आणि धूर औष्णिक केंद्राभोवतीच्या वस्त्यांवर पडतो; ज्या घरात गरम पाण्याचे बटण दाबले जाते, त्या घराच्या बिलात हा खर्च दिसत नाही. लाभ विखुरलेला आणि हानी दुसऱ्याची असली की किंमत मुकी होते, हा अर्थशास्त्राचा जुना सिद्धान्त इथे प्रत्ययास येतो.

किंमत बोलत नसेल तिथे नियमाने बोलावे. याला नजीकचा दाखला आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या तारांकन योजनेखालील घरगुती वातानुकूलन यंत्रे १ जानेवारी २०२० पासून सुरू होताच २४ अंशांवर असावीत, असे केंद्र सरकारने ठरवले. ज्याला २० अंश हवे त्याला बटण दाबण्याची मोकळीक आहे. फक्त काही न करणाऱ्याची निवड सरकारने बदलली. वॉशिंग मशीनच्या बाबतीत हेच का होऊ नये? कित्येक यंत्रांत सुती कपड्यांची खूण निवडताच ४० किंवा ६० अंश आपोआप येतात. ती जागा थंड पाण्याने घ्यावी आणि तापवणे हा जाणीवपूर्वक करण्याचा अपवाद ठरावा. पावडरीच्या वेष्टनावर ती किती अंशांच्या पाण्यात पुरती काम देते, हे ठळक मराठीत छापणे सक्तीचे व्हावे. असे झाले नाही तर थंड धुलाईचा उपदेश पुन्हा दगडावरच्या घासण्यात जिरेल.

एक सावधगिरी मात्र हवी. स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच दाखवून दिले होते की, कोळशाचा वापर काटकसरीचा झाला म्हणून कोळशाची एकूण मागणी घटतेच असे नाही. धुणे स्वस्त पडते म्हणून अर्धे भरलेले यंत्र रोज फिरू लागले, तर वाचलेली उष्णता वाया गेलेल्या पाण्याच्या रूपाने बाहेर पडेल. आणि उन्हाळ्यात ज्या गावांची तहान टँकरवर भागते, त्या राज्यात पाण्याची उधळण विजेच्या उधळणीहून कमी गंभीर नाही.

युरोपला आपली सवय मोडताना अर्धशतक खर्ची घालावे लागले. इथे गरम धुलाईची सवय अजून पुरती जडलेली नाही. यंत्रे नुकती घरात येत आहेत. लागण्यापूर्वीच सवय वळवणे हे लागलेली मोडण्यापेक्षा केव्हाही स्वस्त असते. बाईच्या हातचा दगड पुन्हा न उचलता आणि खाणीतला कोळसा उगाच न जाळता स्वच्छ राहण्याची संधी सध्या उपलब्ध आहे. ती साधण्याचे काम एकट्या गृहिणीवर न सोपवता उत्पादक आणि शासन यांनी उचलणे अगत्याचे आहे.