उघडें दप्तर

संस्था म्हटली कीं तिला मालक असतो, पगारी नोकर असतात आणि दप्तराला कुलूप असतें. या तिहींवांचून एखादी संस्था तीस वर्षांहून अधिक काळ टिकली आणि तिची कृति जगभर वापरली गेली, हें पुष्कळांस खरें वाटणार नाहीं. संगणकाच्या क्षेत्रांतील ‘डेबियन’ ही अशीच एक संस्था आहे.

संगणकाचीं सारीं कामें चालविण्यास जें मूलभूत सॉफ्टवेअर लागतें, तें ही संस्था तयार करते. इअन मरडॉक या अमेरिकन विद्यार्थ्यानें १६ ऑगस्ट १९९३ रोजीं या कार्याची घोषणा केली. हें सॉफ्टवेअर कोणीही विनामूल्य घ्यावें, उलगडून पाहावें, त्यांत फेरफार करावा व तें दुसऱ्यास द्यावें, अशी मोकळीक आहे. तें रचणारे सुमारे एक हजार सभासद अनेक देशांत विखुरलेले असून त्यांस संस्थेकडून वेतन मिळत नाहीं.

जेथें पगार नाहीं तेथें हुकूम चालत नाहीं. मग मतभेद झाल्यास निर्णय कोणीं करावयाचा? प्रारंभीं संस्थापकाचा शब्द पुरेसा होता. १९९६ सालीं त्यानें नेतृत्व सोडलें. पुढें १९९७ सालीं ‘सामाजिक करार’ व १९९८ सालीं संस्थेची घटना मंजूर झाली.

घटनेप्रमाणें सभासद दरवर्षीं आपला प्रमुख निवडतात. तो संस्थेच्या वतीनें बोलतो, कामें सोंपवितो. परंतु कोणाही सभासदास नको असलेलें काम करावयास लावूं शकत नाहीं. त्याचा निर्णय सभासदांस मतदानानें फिरवितां येतो. मतपत्रिकेवर एकाच नांवापुढें खूण करावयाची नसते, तर सर्व उमेदवारांचा पसंतीक्रम लावावयाचा असतो. ‘यांपैकीं कोणीही नको’ हाही एक पर्याय असून त्याच्यापुढें जो हरतो, तो निवडून येत नाहीं.

सामाजिक करारांत आणखी एक वचन आहे: दोष लपवावयाचे नाहींत. दोषांची नोंदवही सर्वांस वाचावयास खुली असते. या वचनाची कठीण परीक्षा २००८ सालीं झाली.

दूरच्या संगणकांत सुरक्षितपणें शिरण्यास आंकड्यांची गुप्त किल्ली लागते. ते आंकडे कोणासही तर्कानें काढतां येऊं नयेत, यांतच तिचें सामर्थ्य. २००६ सालीं एका सभासदानें, तपासणीच्या साधनानें संशयित ठरविलेला थोडासा भाग निरुपयोगी समजून गाळला. आंकड्यांची अनिश्चितता नेमकी त्याच भागावर अवलंबून होती. परिणामीं प्रत्येक प्रकारच्या किल्लीचे अवघे ३२ हजारांच्या सुमारास नमुने उरले; चोरानें ते सारे आधींच घडवून ठेवावे, इतकें तें काम सोपें झालें. तो भाग गाळण्यापूर्वीं मूळ रचनाकारांकडे उघडपणें पृच्छा झाली होती. पण धोका कोणाच्याच ध्यानीं आला नाहीं.

अखेर डेबियनच्याच एका सभासदास हा दोष सांपडला. १३ मे २००८ रोजीं संस्थेनें तो दुरुस्तीसह स्वतः जाहीर केला आणि जुन्या किल्ल्या टाकून नव्या कराव्या, असें सर्वांस बजावलें. संस्थेची नाचक्की झाली खरी. परंतु वापरणारांस आपलीं दारें वेळींच सांवरतां आलीं.

मात्र सारेंच उघडें असावें असेंही नव्हे. प्रमुखाची निवडणूक गुप्त असली, तरी इतर ठरावांवरील मतें मतदारांच्या नांवांसह प्रसिद्ध होत. नाजूक विषयांवर अशा प्रसिद्धीमुळें मतदारांस छळ सोसावा लागेल, असें भय कित्येकांनीं व्यक्त केलें. तेव्हां २०२२ सालीं सभासदांनीं मतदान करूनच हा नियम बदलला. वाद पूर्ववत् उघड्यावर चालतो. कोणीं कोणतें मत दिलें, तें मात्र प्रसिद्ध होत नाहीं.

दप्तर उघडें ठेवल्यानें चुका टळतातच असें नाहीं. २००६ ची चूक दोन वर्षें सर्वांच्या डोळ्यांसमोर पडून होती. उघड्या दप्तरास तें चिकाटीनें वाचणारा लागतो. आणि त्यानें दोष दाखविल्यावर तो मान्य करून लोकांस सांगण्याचें बंधन संस्थेनें आधींच स्वतःवर घालून घेतलेलें असावें लागतें. डेबियननें तें १९९७ सालीं लिहून ठेवलें होतें; अकरा वर्षांनीं तें उपयोगी पडलें.